जुन्या वर्कस्टेशनची रॅम वाढवताना आधी प्रकार बघा, आकडा नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंटेल झिऑन ई५-१६५० प्रोसेसर असलेलं, २०१२च्या सुमाराचं वर्कस्टेशन आहे. प्रोसेसर एकच, रॅमचे स्लॉट आठ. त्यातल्या चारांत ४ जीबीच्या चार स्टिक आहेत, म्हणजे एकूण १६ जीबी. प्रत्येक स्टिकवर ‘४जीबी २आर×८ पीसी३-१२८००ई’ असं छापलंय. मशीनवर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक) चालतात आणि मोठ्या फोटो फायली उघडतात, म्हणून ६४ जीबी करायचं आहे. सर्व्हरमधून काढलेल्या १६ जीबीच्या ‘रजिस्टर्ड’ (जास्तीची रजिस्टर चिप असलेल्या) स्टिक स्वस्तात मिळतायत आणि एका जुन्या डेस्कटॉपच्या ८ जीबीच्या दोन स्टिक पडून आहेत. यातलं काय चालेल?

आधी उत्तर देतो. डेस्कटॉपच्या स्टिक या मशीनसाठी बाजूलाच ठेवा. सर्व्हरच्या स्टिक चालतील की नाही हे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलवर अवलंबून आहे, आणि चालल्या तरी आताच्या चारही स्टिक काढाव्या लागतील. मॅन्युअल फक्त ‘अनबफर्ड ईसीसी’ (रजिस्टर चिप नसलेली, पण चुका दुरुस्त करणारी रॅम; तुमच्या आताच्या स्टिक याच जातीच्या) म्हणत असेल, तर सर्व्हरच्या स्टिक कितीही स्वस्त असल्या तरी तुमच्या कामाच्या नाहीत. मग त्याच जातीच्या ८ जीबीच्या स्टिक घ्या. आठ घेतल्या तर ६४ होतील. चारच घेऊन रिकाम्या स्लॉटमध्ये लावल्या तर ४८ होतील, आणि माझ्या मते तुम्ही आधी या ४८चा विचार करावा. त्याचं कारण पुढे येईलच.

रॅम वाढवणारा माणूस सहसा आधी जीबी बघतो, मग मेगाहर्ट्झ, आणि स्टिक कोणत्या प्रकारची आहे हे सगळ्यात शेवटी. बऱ्याचदा ते खोकं उघडल्यावरच कळतं. आधी कळस मग पाया असा हा प्रकार. वर्कस्टेशनच्या बाबतीत प्रकार चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही मशीन सुरूच होत नाही.

तुमच्या स्टिकवरच्या लेबलात जवळजवळ सगळी माहिती आहे, ते नीट वाचू. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३. ‘१२८००’ हा वेग आहे, सेकंदाला मेगाबाइटमध्ये. एका स्टिकचा डेटा मार्ग ८ बाइटचा असतो, म्हणून १२८००ला ८ने भागलं की १६०० येतात, आणि दुकानात तीच स्टिक ‘डीडीआर३-१६००’ या नावाने मिळते. तसंच १०६०० म्हणजे १३३३ आणि १४९०० म्हणजे १८६६. ‘२आर’ म्हणजे दोन रँक, अर्थात एकत्र काम करणाऱ्या चिपचे दोन गट, आणि ‘×८’ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते. शेवटचं एक अक्षर मात्र बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं आहे. ‘यू’ असेल तर साधी अनबफर्ड, म्हणजे डेस्कटॉपची. ‘ई’ असेल तर अनबफर्डच, पण ईसीसीसह. ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड. शेवटी ‘एल’ असेल तर लोड-रिड्यूस्ड, म्हणजे विद्युतभार आणखी कमी करणारी सर्व्हरची स्टिक. इथे एक घोळ होतो. ‘पीसी३एल’ मधला एल वेगळा, तो कमी व्होल्टेजचा. तो आकड्याच्या आधी येतो, प्रकार सांगणारं अक्षर आकड्यानंतर येतं.

लेबल फाटलेलं असेल किंवा विकणाऱ्याने फक्त फोटो टाकला असेल तर चिप मोजा. साध्या स्टिकच्या एका बाजूला ८ चिप असतात, ईसीसीच्या स्टिकला ९. ती जास्तीची चिप तपासणीच्या बिटांची: साध्या स्टिकचा मार्ग ६४ बिटांचा, ईसीसीचा ७२ बिटांचा. मधोमध मेमरी चिपपेक्षा वेगळ्या आकाराची एक चिप दिसली तर ती रजिस्टर, म्हणजे स्टिक रजिस्टर्ड आहे. अगदी बारकी, आठ पायांची चिप दिसली तर तिला रजिस्टर समजू नका. ती स्टिकची माहिती साठवणारी चिप असते आणि सगळ्याच स्टिकवर असते. वर पत्र्याचं आवरण असेल तर यातलं काहीच दिसत नाही. अशा वेळी विकणाऱ्याकडून लेबलाचा स्पष्ट फोटो मागवा. देत नसेल तर तो सौदा सोडा.

मूळ चिप बनवणाऱ्याचा पार्ट नंबरही बोलका असतो. सॅमसंगच्या स्टिकवर एम३७८ने सुरू होणारा नंबर म्हणजे साधी अनबफर्ड, एम३९१ म्हणजे अनबफर्ड ईसीसी, एम३९३ म्हणजे रजिस्टर्ड आणि एम३८६ म्हणजे लोड-रिड्यूस्ड. हायनिक्सच्या नंबरात मध्ये यू६, यू७ किंवा आर७ असं येतं. अर्थ अनुक्रमे साधी, अनबफर्ड ईसीसी आणि रजिस्टर्ड. वर्कस्टेशन कंपन्या याच स्टिकवर स्वतःचं स्टिकर चिकटवतात आणि स्वतःचा स्पेअर पार्ट नंबर देतात. तो नंबर शोधत बसलात तर त्याच स्टिकला जास्त पैसे जातात. मूळ नंबरावरून शोधा.

आता रजिस्टर्ड आणि अनबफर्ड एकत्र का चालत नाहीत ते बघू. अनबफर्ड स्टिकमध्ये मेमरी कंट्रोलरकडून (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) आलेले पत्त्याचे आणि आज्ञांचे सिग्नल थेट सगळ्या चिपपर्यंत जातात. रजिस्टर्डमध्ये ते आधी रजिस्टर चिपमध्ये येतात आणि एका क्लॉकनंतर पुढे जातात. त्यामुळे कंट्रोलरवरचा विद्युतभार कमी होतो आणि जास्त चिपच्या, मोठ्या स्टिक लावता येतात. उदाहरणार्थ, १६ जीबीच्या २आर×४ रजिस्टर्ड स्टिकवर ३६ चिप असतात. कंट्रोलर मात्र एका वेळी एकाच पद्धतीने वागू शकतो. म्हणून दोन्ही प्रकार एकत्र लावले की मशीन बीप वाजवून थांबतं. रजिस्टर्ड आणि लोड-रिड्यूस्ड यांचंही तेच. यात ‘करून बघू’ला जागा नाही.

तुमच्या ई५ प्रोसेसरमधला कंट्रोलर अनबफर्ड आणि रजिस्टर्ड दोन्ही प्रकार ओळखतो. पण बोर्ड आणि बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरचा प्रोग्राम) बनवणाऱ्याने दोन्हींची सोय ठेवली असेलच असं नाही. एकाच कंपनीच्या एकाच पिढीतल्या दोन मॉडेलमध्येही एक प्रोसेसरवालं मॉडेल फक्त अनबफर्ड घेतं आणि दोन प्रोसेसरवालं दोन्ही, असं दिसतं. त्यामुळे ‘माझ्याकडेही ई५ आहे आणि माझ्याकडे चालते’ हा पुरावा नाही. मॉडेलच्या नेमक्या नावाने सर्व्हिस मॅन्युअल काढा आणि त्यातलं मेमरीचं पान वाचा. बऱ्याच वर्कस्टेशनमध्ये बाजूच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्लॉटचा नकाशा चिकटवलेला असतो, तोही बघा.

मशीन ई३ मालिकेच्या झिऑनचं असतं तर हा प्रश्नच उद्भवला नसता. तिथे रजिस्टर्ड स्टिक चालतच नाहीत, आणि डीडीआर३वाल्या ई३ला ३२ जीबीची मर्यादा आहे. काही वर्कस्टेशन त्याच बोर्डवर कोअर आय७ लावूनही विकली गेली आहेत. त्या प्रोसेसरवर ईसीसी चालत नाही. म्हणून बोर्डाइतकंच प्रोसेसरचं नावही तपासा, विशेषतः मशीन वापरलेलं घेतलं असेल तर. आधीच्या मालकाने प्रोसेसर बदललेला असू शकतो.

पडून असलेल्या डेस्कटॉप स्टिकचा मोह समजतो, पण त्या ईसीसीच्या नाहीत. ईसीसी आणि बिनईसीसी अनबफर्ड स्टिक एकत्र लावल्या तर काही मशीन सुरूच होत नाहीत. जी होतात त्यांच्यात ईसीसी सगळ्याच स्टिकसाठी बंद होतं. ईसीसी एका बिटाची चूक दुरुस्त करतं आणि दोन बिटांची चूक पकडतं. वापरलेल्या, दहा-बारा वर्षांच्या स्टिकवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्याने तर ही सोय मुळीच घालवू नये. गूगलच्या सर्व्हरवर झालेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की वर्षभरात सुमारे एकतृतीयांश मशीनवर निदान एक तरी दुरुस्त होणारी मेमरीची चूक नोंदली गेली. बिनईसीसी मशीनमध्ये अशी चूक कुणाला दिसत नाही. फाइल नकळत बिघडते किंवा मशीन अधूनमधून बंद पडतं, आणि शिव्या ऑपरेटिंग सिस्टिमला बसतात.

आता चॅनेल. या प्रोसेसरला चार मेमरी चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणारे चार स्वतंत्र मार्ग, आहेत. १६००च्या वेगाने एक चॅनेल सेकंदाला १२.८ जीबी देतं, चारही मिळून ५१.२ जीबी. म्हणजे १६ जीबीच्या दोनच स्टिक लावल्या तर क्षमता ३२ जीबी दिसेल, पण निम्मे मार्ग रिकामे राहतील. ८ जीबीच्या चार लावल्या तर तीच ३२ जीबी पूर्ण वेगाने चालेल. रोजच्या ब्राउझिंगमध्ये हा फरक जाणवणार नाही. रेंडरिंग, सिम्युलेशन, मोठ्या प्रतिमांवरची प्रक्रिया यांत जाणवू शकतो. नियम सोपा आहे: स्टिक चारच्या पटीत घ्या आणि प्रत्येक चॅनेलला सारखी क्षमता द्या. तुमच्याआधीच्या पिढीतल्या, एलजीए १३६६ सॉकेटच्या मशीनना तीन चॅनेल असायची, तिथे हाच हिशेब तीनच्या पटीत.

आणि म्हणूनच ४८चा पर्याय मला आवडतो. आताच्या ४ जीबीच्या चार स्टिक चार चॅनेलच्या पहिल्या स्लॉटमध्ये असतील. उरलेल्या चार स्लॉटमध्ये ८ जीबीच्या चार अनबफर्ड ईसीसी स्टिक बसवल्या की प्रत्येक चॅनेलवर १२ जीबी होते. समतोल राहतो, जुनं काही वाया जात नाही आणि खरेदी निम्मी होते. मॅन्युअल मोठी स्टिक कोणत्या स्लॉटमध्ये ठेवायला सांगतं ते बघा. बहुतेक ठिकाणी प्रोसेसरपासून लांबचा स्लॉट आधी भरायचा असतो आणि मोठी स्टिक तिथे जाते. एका चॅनेलवर दोन स्टिक आल्या की काही बोर्ड वेग एक पायरी खाली आणतात, १६००चे १३३३ होतात. ते दिसलं तर बिघाड समजू नका.

४८ पुरेल का, याचं उत्तर अंदाजाने काढू नका. नेहमीची सगळी व्हर्च्युअल मशीन सुरू करा, नेहमीची मोठी फाइल उघडा आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’चा (प्रोग्रामांनी मागून घेतलेल्या एकूण मेमरीचा) आकडा बघा. लिनक्सवर किती स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वापरात आहे ते बघा. काम ऐन भरात असताना कमिटेड ३५च्या आसपास थांबत असेल तर ४८ भरपूर झाली. ५० ओलांडत असेल तर सरळ ८ जीबीच्या आठ, किंवा मॅन्युअल परवानगी देत असेल तर १६ जीबीच्या चार रजिस्टर्ड. या दुसऱ्या वाटेचा फायदा म्हणजे चार स्लॉट रिकामे राहतात आणि पुढे १२८ जीबीपर्यंत जाता येतं. तुमचं मशीन रजिस्टर्ड घेत असेल आणि पुढे आणखी वाढवायचा विचार असेल, तर मीही तीच वाट घेईन आणि जुन्या स्टिक विकून टाकीन. आणि हो, मशीन अजून फिरत्या हार्ड डिस्कवर चालत असेल तर रॅमच्या आधी एसएसडी बसवा.

व्होल्टेजचा फार बाऊ करू नका. डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५वर, पण डीडीआर३एल १.५ व्होल्टवरही चालावी अशीच बनवलेली असते. दोन्ही एकत्र लावल्या की सगळ्या १.५वर चालतात. उलटी दिशा, म्हणजे फक्त १.३५ व्होल्ट देणाऱ्या मशीनमध्ये १.५ची स्टिक, चालत नाही. पण ती अडचण काही लॅपटॉप आणि छोट्या मशीनची आहे.

गेमिंगसाठी विकल्या जाणाऱ्या, उंच आवरणाच्या १.६५ व्होल्टच्या स्टिक मात्र घेऊच नका. त्यांचा छापील वेग एक्सएमपी नावाच्या सेटिंगवर अवलंबून असतो आणि ब्रँडेड वर्कस्टेशनच्या बायोसमध्ये ते सेटिंग सहसा नसतं. १८६६ म्हणून घेतलेली स्टिक मुकाट १३३३वर चालते, आणि वर तिचं आवरण पंख्याच्या झाकणाला अडतं. १८६६च्या साध्या ईसीसी स्टिक स्वस्त मिळाल्या तर चालतील, फक्त तुमचा प्रोसेसर त्यांना १६००वर आणेल. १८६६चा आधार २०१३च्या ई५ व्ही२ प्रोसेसरपासून आला.

आणखी एक सापळा: ‘फक्त एएमडीसाठी’ असं बारीक अक्षरांत लिहिलेल्या स्वस्त डीडीआर३ स्टिक. त्यांच्यात अनबफर्ड स्टिकसाठी नेहमी न वापरल्या जाणाऱ्या ×४ चिप असतात आणि इंटेलचे कंट्रोलर त्या ओळखत नाहीत. १६ जीबीच्या अनबफर्ड डीडीआर३ स्टिकही अशाच फसव्या. त्यातल्या ८ गिगाबिटच्या चिप इंटेलच्या हॅसवेल (२०१३ची पिढी) आणि त्याआधीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना झेपत नाहीत. तुमच्या मशीनसाठी अनबफर्डमध्ये ८ जीबी हीच कमाल समजून चला.

हा प्रश्न वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. २०१४च्या ई५ व्ही३ आणि पुढच्या मशीनना डीडीआर४ लागते. तिला २८८ पिन असतात, डीडीआर३ला २४०, आणि खाच वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची स्टिक बसतच नाही. त्याहून जुन्या, फुली-बफर्ड डीडीआर२वाल्या मशीनवर पैसे घालू नका. त्या स्टिक प्रचंड तापतात आणि मशीन एवढी वीज खातं की त्यात रॅम भरणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. दोन प्रोसेसरच्या मशीनमध्ये दुसऱ्या प्रोसेसरचे स्लॉट तो प्रोसेसर बसवलेला असेल तरच चालतात. एचपी झेड६२०मध्ये १२ स्लॉट दिसतात, पण त्यातले ४ दुसऱ्या प्रोसेसरच्या जोडकार्डावर असतात.

बसवण्याबद्दल फार सांगत नाही. आधी जुन्याच रॅमवर बायोस अपडेट करून घ्या, नव्या स्टिक लावल्यावर नाही. पॉवर कॉर्ड काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, केसच्या उघड्या धातूला हात लावा आणि मग स्टिक हाताळा. वापरलेल्या स्टिकचे सोनेरी पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. दोन्ही टोकांचे खटके आपोआप बसले पाहिजेत. पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही वेळ काळा राहू शकतो. मशीन नव्या स्टिकशी जुळवून घेत असतं. लगेच बटण दाबून बंद करू नका.

सुरू झाल्यावर तीन गोष्टी तपासा. बायोसमध्ये पूर्ण आकडा दिसतोय का? टास्क मॅनेजरमध्ये ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ या ओळीत काही जीबी अडकलेत का? आणि ईसीसी खरंच चालू आहे का? लिनक्सवर डीएमआयडीकोड या कमांडने मेमरीची माहिती काढली की प्रत्येक स्टिकसमोर ‘टोटल विड्थ’ ७२ बिट आणि ‘डेटा विड्थ’ ६४ बिट दिसायला हवी. दोन्हीकडे ६४ दिसलं तर ती स्टिक ईसीसीची नाही किंवा ईसीसी चालू नाही. तिथलीच ‘मॅक्झिमम कॅपॅसिटी’ ही ओळ मात्र प्रमाण मानू नका. ती बायोस बनवणाऱ्याने भरलेली असते आणि पुष्कळदा चुकीची असते.

एका ओळखीच्यांच्या मशीनमध्ये ८ जीबीच्या आठ स्टिक लावल्या आणि दिसत होती ४८. त्यांनी दोन स्टिक खराब ठरवून परतही पाठवायला काढल्या होत्या. स्टिकची अदलाबदल केली तर गायब होणारे स्लॉट तेच राहिले, आणि ते दोन्ही एकाच चॅनेलचे होते. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, म्हणून प्रोसेसर काढून सॉकेट बघितला. एका कोपऱ्यातली पिन किंचित वाकलेली होती. भिंगाखाली, सुईच्या टोकाने ती सरळ केली आणि ६४ दिसू लागली. तेव्हा दोष स्टिकबरोबर हलला तर स्टिक खराब, आणि स्लॉटलाच चिकटून राहिला तर प्रोसेसर, सॉकेट किंवा जास्त आवळलेला हीटसिंक बघायचा.

सगळं दिसलं तरी मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. निदान एक पूर्ण फेरी व्हायला हवी, आणि ६४ जीबीला तिला बरेच तास लागतात. एकही लाल ओळ आली तर एकेक स्टिक वेगळी लावून दोषी शोधा. परत करण्याची मुदत संपायच्या आत हे उरका. ईसीसी चालू असताना किरकोळ चुका आपोआप दुरुस्त होऊन चाचणीत न दिसण्याची शक्यता असते, म्हणून पुढचे काही आठवडे विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी किंवा लिनक्सवर ‘एडॅक’चे (मेमरीच्या चुका मोजणाऱ्या सोयीचे) आकडे बघत राहा. एखादी सुटी नोंद चालते. एकाच स्टिकच्या नावावर नोंदी वाढत गेल्या तर ती बदला, मशीन व्यवस्थित चालत असलं तरी.

मॅन्युअलमधलं मेमरीचं पान बघून मशीनचं नेमकं मॉडेल कळवलंत तर रजिस्टर्ड की अनबफर्ड, हे मी नक्की करून सांगतो. तोपर्यंत त्या सर्व्हरच्या स्टिक विकणाऱ्याला थांबवून ठेवा.